सशाच्या लेंड्या अचानक घरभर: खोडी, हद्द की आजार?

शेवंती

नमस्कार मंडळी. या विभागात माझा पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे बर्फी आहे. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, साधारण ५ महिन्यांची मादी. दीड महिन्याची असताना दुकानातून आणली. आल्यापासून इतकी शहाणी की शी-शू दोन्ही ट्रेमध्येच. पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे मी. बहुतेक दृष्ट लागली.

गेले पंधरा दिवस घरभर लेंड्या. सोफ्याच्या चारही पायांशी, चपलांच्या रॅकपाशी, बेडरूमच्या उंबऱ्यावर, आणि काल नवऱ्याच्या उशीजवळ पाच. मोजून. (माझ्या उशीजवळ एकही का नाही, यावर घरात वेगळी चर्चा झाली.) कोरड्या, टणक, सुट्या, वास नाही. शू अजून बरीचशी ट्रेमध्येच, पण परवा मी पोळ्या लाटत उभी होते, तर ही पायांभोवती घूं घूं करत गोल गोल फिरली आणि जाता जाता पिचकारी मारून गेली. गाऊन तीनदा धुतला तरी वास जाईना.

शिवाय हनुवटी घासणं. टीव्हीचं स्टँड, गॅस सिलिंडर, सासूबाईंची काठी, काही म्हणजे काही सोडत नाही. सासूबाई म्हणतात खरूज असेल, कडुलिंबाचा पाला उकळून लाव. देवघराच्या दारात लेंड्या दिसल्यापासून त्यांचा पारा चढलेलाच आहे.

दिवसातून तीनदा फिनाईलने पुसते. जितकं पुसते तितकं वाढतंय. खाणं म्हणाल तर दुकानदाराने दिलेल्या गोळ्या वाटीभर, गाजर, कोथिंबिरीच्या काड्या. ही आजारी आहे, रुसलीय की मुद्दाम छळतेय?

माळरान

वाचतोय. आमच्या भाचीच्या सशाचं हेच चाललंय.

शंकासुर

सोपं आहे. घाण केली की तिथेच तोंड दाबायचं आणि एक चापट. आमच्या मांजराला असंच वळण लावलं.

झंपी

शंकासुर, कृपा करून हा सल्ला कोणी मनावर घेऊ नये. सशाचा पाठीचा कणा अतिशय नाजूक असतो. घाबरून मागचे पाय झाडले तरी मणका मोडू शकतो. आणि ससा शिकणार काय, तर माणूस दिसला की पळायचं.

शेवंती, एक फोटो टाका ना. लेंड्या सुट्या आहेत की द्राक्षाच्या घोसासारख्या चिकटलेल्या? यावर बरंच अवलंबून आहे.

शेवंती

फोटो टाकलाय. शेजारी तुलनेसाठी हरभरा ठेवलाय. (तो नंतर फेकून दिला, चिंता नसावी.)

डोंगरवाट

छान फोटो. हरभऱ्याएवढ्या, गोल, एकसारख्या, खाकी रंगाच्या. एक कोरडी लेंडी बोटांत चुरडून बघा, आत गवताचा भुसा दिसायला हवा. घाण वाटून घेऊ नका, सशाच्या घरात हे रोजचं काम आहे. सहा वर्षं करतोय.

सशाच्या मागून तीन वेगळ्या गोष्टी बाहेर पडतात आणि तिन्हींना आपण सरसकट 'घाण केली' म्हणतो, गोंधळ तिथे होतो. पहिली ही टणक लेंडी. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे टाकतो. खाता खाता टाकतो, त्यामुळे काही इकडेतिकडे पडणारच. दुसरी मऊ, चकचकीत, काळपट, घोसासारखी आणि वास मारणारी. ती सहसा आपल्याला दिसतच नाही, कारण ससा ती थेट तोंडाने घेऊन गिळतो. त्यावर नंतर लिहितो. तिसरी लघवी.

तुमच्याकडे चाललंय ते हद्द आखणं. सशाला वासाच्या ग्रंथी तीन ठिकाणी असतात: हनुवटीखाली, गुदद्वाराशी आणि जांघेत. हनुवटी घासतो तेव्हा त्या ग्रंथीतला स्राव वस्तूला लागतो. आपल्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. सशाच्या लेखी मात्र सिलिंडरवर पाटी लागली: हा माझा. ही खरूज नव्हे, सासूबाईंना सांगा. खरूज असती तर खाजवून केस गेले असते, कोंडा आणि खपल्या दिसल्या असत्या. लेंड्यांचंही तसंच. बाहेर पडताना गुदग्रंथीचा वास त्यांना लागतो. जागा बघा तुम्हीच सांगितलेल्या: सोफ्याचे पाय, उंबरा, चपला, उशी. सगळ्या सीमेवरच्या, नाहीतर दुसऱ्याचा वास जबरदस्त असलेल्या. ट्रे विसरलेला ससा एका कोपऱ्यात ढीग करतो. हद्द आखणारा अशा मोजक्या, सुट्या पेरत जातो.

म्हणून फिनाईलने वाढतंय. तुम्ही पाटी पुसता, तो पुन्हा लिहितो. त्यात फिनाईलचा उग्र वास म्हणजे त्याच्या घरात कोणीतरी परका येऊन गेल्यासारखं. ससा फरशीवर बसून पाय चाटतो, ते पोटात जाणं वाईट ते वेगळंच. बंद करा. कोरड्या लेंड्या झाडूने गोळा करून ट्रेमध्ये टाका, शूच्या जागी पांढरं व्हिनेगर आणि पाणी. ट्रेही रोज लख्ख करू नका, ओल्या कागदाचा एक तुकडा आणि थोड्या लेंड्या तशाच राहू द्या.

आता खरी शंका. ५ महिने, पायांभोवती गोल फिरणं, घूं घूं, पिचकारी. बर्फी मादीच आहे हे कोणी बघितलंय का?

शेवंती

दुकानदाराने सांगितलं होतं. तेव्हा उलटं धरून दाखवलंही. मला काही कळलं नाही, मी मान डोलावली.

पाटाचं_पाणी

ताई, मी फलटणजवळचा. पूर्वी ससेपालनाचं शेड होतं, आता बंद केलंय. दीड महिन्याच्या पिल्लात नर-मादी ओळखताना आमच्यासारख्यांचीही चूक व्हायची, दुकानातल्या पोराचं काय घेऊन बसलात. नराचे अंड अडीच-तीन महिन्यांला खाली उतरतात. आणि ससा घाबरला की ते पोटात वर ओढून घेतो, म्हणजे तुम्ही उचलून बघायला गेलात की गायब. निवांत पाय पसरून झोपला असेल तेव्हा मागून बघा. दोन्ही बाजूंना लांबट, बिनकेसाच्या पिशव्या दिसल्या तर बर्फीचा बर्फीराव झाला म्हणायचं.

माद्याही हद्द आखतात बरं का, नुसते नर नाही. आमच्या धंद्यात पहिला नियम हाच की मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला मादीच्या पिंजऱ्यात कधीच सोडायचं नाही. तिच्या जागेत परका शिरला की ती त्याला बोचकारते, चावते. नराला नको तिथे चावली की वर्षभर तो कामाचा राहत नाही. उलट नराच्या पिंजऱ्यात नेली की तिला सगळीकडे त्याचाच वास, ती नरम असते. पाच मिनिटांत काम होतं.

एकीची पिल्लं दुसरीला लावायची असली की आधी त्या दुसरीच्या खोक्यातला भुसा आणि लोकर पिल्लांना चोळायचो. नाहीतर परक्या वासाचं पिल्लू म्हणून ती त्याला हाकलायची, कधी अंगावर मुतायची.

माळरान

काका, हे भारी आहे. यावर स्वतंत्र धागा काढा.

यारा_काठ

मेलबर्नहून लिहितेय. आमच्याकडे हे सगळं उघड्यावर बघायला मिळतं. संध्याकाळी नदीकाठी फिरायला गेलं की गवतात जागोजागी लेंड्यांचे गोल ढीग दिसतात, कळपाचे सामायिक. प्रत्येक जण येता-जाता आपली भर घालतो. जवळची माती पंजांनी उकरलेली असते आणि बाजूच्या दगडावर एखादा मोठा नर हनुवटी घासत असतो. आपल्या गावाच्या वेशीवर दगड असतो तसंच.

१८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इथे व्हिक्टोरियात थोडे ससे आणून सोडले आणि पुढे त्यांनी देश खाल्ला. तो उपद्रव आवरायचा म्हणून इथल्या सरकारी संशोधकांनी सशांचा कसून अभ्यास केला. मिकिटोविच नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात या वासाच्या ग्रंथींवरच काम केलं. त्याला दिसलं की कळपात वरचढ नराची हनुवटीची ग्रंथी मोठी असते आणि हनुवटी घासण्यातही तोच पुढे. म्हणजे शेवंती, तुमच्या घरात कोण वरचढ आहे हे सिलिंडरला माहीत आहे.

अवांतर: ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँड राज्यात ससा पाळणं हा गुन्हा आहे. बर्फीला इकडे पाठवू नका.

शंकासुर

ठीक आहे, चापट मागे घेतो. पण डोंगरवाट काय म्हणाले? ससा स्वतःची शी खातो??? ईऽऽ. आणि ही पोरं सशाचे पापे घेतात.

डोंगरवाट

घेतात आणि काही होत नाही.

गाय रवंथ करते ते चालतं ना? तोच प्रकार, फक्त वळसा लांबचा. गवत पचवायला जंतू लागतात. गाईच्या पोटात ते पुढच्या बाजूला, म्हणून अर्धवट चावलेलं पुन्हा तोंडात आणता येतं. सशाचे जंतू मागे, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या एका मोठ्या पिशवीत. तिथे आंबून तयार झालेलं सत्त्व शोषून घ्यायला पुढे पुरेसं आतडंच उरत नाही. मग उपाय एकच, ते बाहेर काढून पुन्हा वरून आत टाकायचं. त्या मऊ घोसात प्रथिनं असतात, ब गटातली जीवनसत्त्वं असतात आणि चिकट पातळ आवरणामुळे आतले जंतू जठरातल्या आम्लातून बरेचसे तरून जातात. १८८२ मध्ये मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने हे नीट नोंदवलं. आमच्या घरी रोज पहाटे चहाच्या वेळी दिसतं: ससा मान खाली घालून पोटाखाली वाकतो, अर्धा मिनिट तोंड हलवतो आणि जणू काही झालंच नाही असा चेहरा करतो.

हे घोस फरशीवर पडलेले किंवा शेपटीखाली लडबडलेले दिसले तर मात्र खाणं चुकतंय. बहुतेक वेळा गोळ्या आणि गाजर जास्त, गवत कमी. पोट भरलेलं असल्याने ससा ते खात नाही. जाड्या सशाचं तोंड तिथवर पोचत नाही, म्हाताऱ्याचे सांधे दुखतात. लोक त्याला जुलाब समजतात. खरे जुलाब पाण्यासारखे असतात, आणि तसं झालं तर घड्याळ न बघता डॉक्टर.

शेवंती, वाटीभर गोळ्या फार होतात. अडीच किलोच्या सशाला दिवसाला दोन चमचे पुरे. गाजर म्हणजे पेढा, रोज नाही. पोट भरायचं ते गवताने.

शेवंती

गवत कुठून आणू चिंचवडमध्ये? ऑनलाइन परदेशी गवताची पिशवी बघितली, किंमत बघून पिशवी बंद केली.

पाटाचं_पाणी

ताई, हरळी. गणपतीला एकवीस जुड्या वाहतो तीच दूर्वा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून मारवेल गवत मिळालं तर सावलीत वाळवा, हिरवट राहतं आणि वास छान येतो. उन्हात वाळवलं की नुसती काडी. औषध फवारलेल्या बांधावरचं नको. लसूणघास लहान पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज घातला तर लघवी चुन्यासारखी पांढरी गढूळ होते.

झंपी

काकांना +१. सशाच्या शरीरातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीतूनच जातं, म्हणून ट्रेला पांढरा थर बसतो. तो साबणाने निघत नाही. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात घालून अर्धा तास ठेवा.

आणि शू कधी केशरी, कधी विटकरी लाल दिसली तर लगेच हंबरडा फोडू नका. पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे होतं, एकदोन दिवसांत परत पिवळी. रक्त असेल तर बहुधा एकसारखा रंग नसतो, मध्येच रेघ किंवा गाठ दिसते. शंका आली तर नमुना तपासून घ्यावा.

कवडसा

सगळे मजेत लिहिताय म्हणून लिहू की नको असं झालं. लिहितेच.

जास्त लेंड्यांना घाबरू नका. कमी झाल्या की घाबरा.

आमचा चिकू गेल्या वर्षी मे महिन्यात गेला. नाशिकचा उन्हाळा, कूलर लावला होता. दोन-तीन दिवस लेंड्या मिरीएवढ्या बारीक आणि काळ्या येत होत्या, काही केसांच्या धाग्यात ओवल्यासारख्या, माळेसारख्या. केस गळायचे दिवस होते, मी त्या माळेचा फोटो काढून बहिणीला पाठवला, हसलो आम्ही. मग एका रात्री त्याने कोथिंबिरीला तोंड लावलं नाही. सकाळी ट्रे स्वच्छ. मला आधी वाटलं, नवऱ्याने साफ केला. नवऱ्याला वाटलं, मी. ज्या डॉक्टरकडे गेलो ते कुत्र्या-मांजरांचे होते, म्हणाले गॅस आहे, उद्या बघू. ससा उलटी करू शकत नाही, आतडं थांबलं की सगळं आतच. उद्यापर्यंत तो राहिला नाही.

बारा तासांत ना खाणं ना लेंडी, तर रात्री दोन वाजले असले तरी उठा. आणि सशांवर नेहमी उपचार करणारे डॉक्टर कोण, हे ससा बरा असतानाच शोधून ठेवा. पेनिसिलिनच्या जातीची काही प्रतिजैविकं सशाला तोंडावाटे दिली तर पोटातले चांगले जंतू मरून ससाच जातो. प्रत्येक डॉक्टरला हे माहीत असतंच असं नाही.

आता नवं पिल्लू आहे, मोगरा. सकाळी दात घासायच्या आधी ट्रे बघते.

यारा_काठ

कवडसा, जवळ असतीस तर येऊन बसले असते. लिहिलंस ते फार बरं केलंस.

झंपी

ट्रेचा गोंधळ आमच्याकडेही व्हायचा. आता फ्रिजवर कॅलेंडर आहे, ट्रे साफ करणाऱ्याने सही करायची.

पावसाळ्याचं मीही जोडते. शेपटीखाली काही चिकटून राहिलं की माश्या तिथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. जूनपासून रोज उचलून मागची बाजू बघायची.

शेवंती

कवडसा, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्री उठून ट्रे बघून आल्या.

आता बातमी. काल दुपारी पंख्याखाली महाराज मागचे पाय ताणून पसरले होते. काकांनी सांगितलं तसं मागून बघितलं. दोन पिशव्या. स्पष्ट. नवऱ्याला हाक मारली, त्याने बघितलं, म्हणाला, "मग माझ्या उशीचं बरोबर आहे." बर्फीच म्हणणार आहोत, नाव बदललं तर तोही वळून बघणार नाही.

न्यूटर करायचं, म्हणजे अंड काढून टाकायचं ऑपरेशन, ठरतंय. एका दवाखान्यात विचारलं तर म्हणाले आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. बरोबर आहे का?

डोंगरवाट

सशाला उपाशी ठेवायचं नसतं. कुत्रा-मांजर भूल दिल्यावर ओकेल म्हणून त्यांना उपाशी ठेवतात. ससा ओकतच नाही, उलट पोट रिकामं राहिलं की आतडं थांबायची भीती. ज्यांनी हे सांगितलं त्यांना नम्रपणे राम राम करा आणि जे विचारतील "गवत सोबत आणलंय का?" त्यांच्याकडे जा.

पुढचं दोन मुद्द्यांचं: लगेच फरक दिसणार नाही, संप्रेरकं उतरायला चार ते सहा आठवडे जातात. आणि तेवढ्या काळात त्याच्यापासून मादीला पिल्लं होऊ शकतात, मादीजवळ सोडू नका. मादी असती तरी शस्त्रक्रिया करा असंच म्हणालो असतो, वय वाढलं की माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो.

कुंडीतली_माती

धागा उशिरा वाचला. तुम्ही लोक त्या लेंड्या टाकून देता?!! शेळीचं लेंडीखत विकत आणतो आम्ही, तेही कुजवून. सशाच्या लेंड्या तशाच कुंडीत घालता येतात, मुळं जळत नाहीत. फक्त लघवीत भिजलेला कागद वेगळा ठेवा.

शंकासुर

शीवर इतके प्रतिसाद. मराठी माणूस पुढे का जात नाही ते कळलं. (हलके घ्या.) पण धागा वाचनखुणेत ठेवलाय, पोरगी ससा मागतेय.

शेवंती

अडीच महिन्यांनी धागा वर काढतेय.

बर्फीचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी खरंच विचारलं, गवत आणलंय का. शुद्धीवर आल्यावर तासाभरात दूर्वा खाल्ली. घरी पोचून पहिली लेंडी पडेपर्यंत आम्ही तिघं ट्रेभोवती बसलो होतो, मॅच बघावी तसे. बारीक आणि वाकडी होती, पण पडली. सासूबाईंनी साखर ठेवली देवापुढे.

पिचकाऱ्या पाचव्या आठवड्यात थांबल्या. उशीवर आता काही नाही. सोफ्याच्या पायांशी आठवड्यातून एखादी. ट्रे मोठा घेतला आणि गवताची टोपली अगदी त्यावर टांगली, खाताना तिथेच बसून राहतो. हनुवटी मात्र चालूच आहे. काल नवा कुकर आला, आम्ही खोका उघडायच्या आत चारी कोपऱ्यांवर शिक्के मारून झाले.

देवघराच्या दारात अजून रोज दोन-तीन असतात. सासूबाई झाडूने उचलतात आणि परस्पर तुळशीत टाकतात.

कुंडीतली_माती

मी निगडीला असतो. तुळशीला पुरून उरत असतील तर रविवारी डबा घेऊन येऊ का?

शेवंती

डबा नको, गोणी आणा.